फॉरमॅट मारायचाय? आधी घरच्यांना विचारा!

‘लॅपटॉप स्लो झालाय? अरे, फॉरमॅट मार ना!’ हा सल्ला तुम्ही कधी ना कधी दिला असणार, नाहीतर घेतला तरी असणार. सर्दीला वाफ, तसा कॉम्प्युटरला फॉरमॅट. व्हायरस आला, फॉरमॅट. सी ड्राइव्ह लाल झाला, फॉरमॅट. लिनक्स ट्राय करायचंय, पार्टिशन उडव आणि फॉरमॅट. हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी ‘एक्स्पर्ट’ असतो, ज्याच्या खिशात कायम विंडोजचा बूटेबल पेन ड्राइव्ह असतो. चहा आणि वडापावच्या मोबदल्यात तो तासाभरात मशीन नवं कोरं करून देतो. आणि घरी? घरी तो एक्स्पर्ट म्हणजे तुम्हीच!

सध्या तर या कामाला आणखी जोर आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. त्यामुळे घराघरांतले जुने लॅपटॉप आणि डेस्कटॉप बाहेर निघतायत. कुणी विंडोज ११ टाकतंय, कुणी मशीन जुनं म्हणून लिनक्सकडे वळतंय, कुणी ‘एकदाच क्लीन करून धाकट्या भावाला देऊन टाकू’ म्हणतंय. या सगळ्याची सुरुवात एकाच स्क्रीनवर होते. तिथे पार्टिशनची यादी दिसते, खाली ‘फॉरमॅट’ नावाचं बटण असतं आणि आपला हात माउसवर असतो.

त्या बटणाबद्दल माझं म्हणणं साधं आहे. बटण तुमच्या हातात असलं, तरी त्या डिस्कवरच्या फाइल्स फक्त तुमच्या नसतात. म्हणून बॅकअप घेणं हे टेक्निकल काम कमी आणि घरातल्यांशी नीट बोलण्याचं काम जास्त आहे. आपण टेक्निकल भाग पाच मिनिटांत शिकतो. बोलण्याचा भाग मात्र गाळून टाकतो आणि घोळ तिथेच होतो.

‘महत्त्वाचं काही आहे का गं?’

घरचा कॉम्प्युटर एकट्याचा कधीच नसतो. जरा आठवून बघा, त्यात काय काय असतं. आईच्या बचत गटाचा हिशोब एक्सेलमध्ये. बाबांनी स्कॅन करून ठेवलेला सातबारा, कर्जाची कागदपत्रं, गाडीच्या इन्शुरन्सची पीडीएफ. ताईचं जातीचं प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमीलेअर, जे स्कॉलरशिपच्या फॉर्मला दरवर्षी लागतं. जुन्या फोनमधून कधीतरी केबल लावून उतरवलेले फोटो. काकांनी चार गावं फिरून टाइप केलेली घराण्याची वंशावळ. आणि ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘न्यू फोल्डर ३’ या नावांखाली कुणालाच न आठवणारं बरंच काही.

फॉरमॅट मारण्याआधी आपण काय करतो? किचनच्या दारात उभं राहून ओरडतो, ‘आई, लॅपटॉपमध्ये तुझं महत्त्वाचं काही आहे का गं?’ आई कुकरची शिट्टी मोजत म्हणते, ‘माझं कुठे काय असतंय त्यात!’ झालं. परवानगी मिळाली!

पण हे उत्तर खरं नाही. आई खोटं बोलत नाहीये, प्रश्नच चुकीचा आहे. आपल्याकडे ‘महत्त्वाचं’ म्हटलं की पैसे, दागिने आणि सरकारी कागद डोळ्यांसमोर येतात. दर महिन्याला भरायचा हिशोब तिच्या लेखी ‘महत्त्वाचं’ नसतो, ते रोजचं काम असतं. दुसरं म्हणजे, फाइल डिस्कवर कुठेतरी ‘राहते’ ही कल्पना आपल्याला जितकी सवयीची आहे, तितकी तिला नाही. तिच्यासाठी स्क्रीनवरचं चित्र म्हणजेच तो हिशोब. स्क्रीन परत चालू झाली की तो तिथेच असणार, असं तिला वाटतं. फॉरमॅट म्हणजे साफसफाई, असं आपणच तिला सांगितलेलं असतं. साफसफाईत कपाटातली वही कशी काय जाईल?

बातमीदारी शिकताना आम्हाला एक गोष्ट सारखी ऐकवली जाते. मोघम प्रश्न विचारलात तर मोघमच उत्तर मिळेल. इथेही तेच आहे. ‘महत्त्वाचं काही आहे का’ ऐवजी असं विचारून बघा. गटाचा हिशोब कुठल्या आयकॉनवर क्लिक करून उघडतेस? बाबा, स्कॅन केलेले कागद तुम्ही कुठे सेव्ह करता? ताई, तू शेवटचा फॉर्म भरलास तेव्हा फोटो आणि सही कुठून अपलोड केलीस? आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो कुणाकडे आहेत, आणि ते अजून कुठे आहेत का? शक्य असेल तर प्रत्येकाला दहा मिनिटं मशीनसमोर बसवा आणि ‘तू रोज काय उघडतेस ते दाखव’ म्हणा. दहा मिनिटांत इतकं काही निघेल की तुम्हीच चकित व्हाल.

डी ड्राइव्हची अंधश्रद्धा

‘माझा सगळा डेटा डी ला आहे, सी उडाला तरी चालतोय.’ हे वाक्य इतक्या विश्वासाने म्हटलं जातं की ऐकणाऱ्याला वाटावं, डी ड्राइव्ह म्हणजे बँकेचा लॉकर आहे.

तसं नाहीये. सी आणि डी ही बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कची दोन पार्टिशन्स असतात. एका मोठ्या खोलीत मध्ये प्लायवूड लावून दोन खोल्या कराव्यात, तशी. प्लायवूडच्या पलीकडे सामान ठेवलं की घर आवरताना ते वेगळं राहतं, इतकाच फायदा. घराला आग लागली तर दोन्ही खोल्या जाणार. डिस्क खराब झाली, लॅपटॉप पाण्यात पडला, ट्रेनमध्ये बॅग गेली, की डी पण जातो. डी मध्ये असलेली एकुलती एक फाइल म्हणजे बॅकअप नव्हे. ती फक्त दुसऱ्या खोलीत ठेवलेली फाइल आहे.

दुसरी गोष्ट, सगळं खरंच डी मध्ये आहे का? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे फोल्डर मुळात सी ड्राइव्हमध्ये असतात. तुम्ही स्वतः हलवले नसतील तर ते तिथेच आहेत. घरातले बाकीचे लोक फाइल कुठे सेव्ह करतात? जिथे कॉम्प्युटर आपणहून सेव्ह करतो तिथे. म्हणजे डी ची शिस्त तुमची एकट्याची असते आणि सी फॉरमॅट झाला की नुकसान होतं ते ज्यांना ही शिस्त कुणी सांगितलीच नाही त्यांचं.

तिसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. विंडोज इन्स्टॉल करताना जी यादी समोर येते, त्यात सी आणि डी अशी ओळखीची अक्षरं नसतात. ‘ड्राइव्ह शून्य, पार्टिशन तीन’, ‘ड्राइव्ह शून्य, पार्टिशन चार’ असं काहीतरी असतं आणि शेजारी साइज लिहिलेली असते. दोन पार्टिशन्स जवळपास सारख्याच साइजची असतील तर? रात्री दीडला, डोळ्यांवर झोप असताना, कुठलं उडवायचं हे अंदाजाने ठरतं. म्हणून आधीच विंडोजमध्ये जाऊन पार्टिशन्सना नावं द्या. ‘डेटा’, ‘घरचे फोटो’, काहीही चालेल. प्रत्येकाची साइज कागदावर लिहून घ्या. आणि बॅकअप घेतलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क इन्स्टॉल करताना काढून बाजूला ठेवा. ती लावलेलीच राहिली तर त्याच यादीत तीसुद्धा दिसते, आणि बटणाला माणसं ओळखता येत नाहीत.

‘रिकव्हरी होते ना पण!’

होते. कधी कधी. क्विक फॉरमॅटमध्ये फाइल्स लगेच पुसल्या जात नाहीत. कुठली फाइल कुठे आहे याची यादी पुसली जाते, पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तशी. पानं आत असतात, म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअरला ती शोधता येतात. पण त्या जागेवर नवीन विंडोज, ऑफिस आणि दोन गेम बसले की ती पानं खरोखरच पुसली जातात. फुल फॉरमॅट केला असेल तर विषयच संपला, कारण विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट अख्ख्या पार्टिशनवर शून्यं लिहून टाकतो.

शिवाय आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क नसते, एसएसडी असते. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची व्यवस्था असते. कुठली जागा रिकामी झाली हे सिस्टीम डिस्कला कळवते आणि डिस्क ती जागा आतून साफ करायला घेते. स्पीडसाठी ते चांगलं, पण रिकव्हरीसाठी वाईट. त्यात अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते, म्हणजे की नसेल तर उरलेला डेटासुद्धा नुसता गोंधळ. आधीच्या पिढीतल्या एखाद्या दादाने कधीकाळी हार्ड डिस्कमधून सगळं परत आणून दिलं असेल. पण त्या भरवशावर आजच्या लॅपटॉपवर बटण दाबू नका.

तरीही चुकून काही उडालंच तर एक नियम लक्षात ठेवा. त्या डिस्कवर पुढे काहीही करू नका. मशीन बंद करा आणि मग माहीतगार माणसाकडे जा. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं म्हणजे हरवलेली वस्तू शोधायला तिच्यावरच चालत जाणं.

मोठ्यांच्या घरीही हेच होतं

हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं समजू नका. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, ते जगाने टीव्हीवर पाहिलं. चंद्रावरून थेट आलेला मूळ सिग्नल टीव्हीवर दिसलेल्या चित्रापेक्षा जास्त स्पष्ट होता आणि तो मॅग्नेटिक टेपवर रेकॉर्ड झाला होता. पुढे अनेक वर्षांनी नासाने त्या टेप शोधायला घेतल्या, तर त्या मिळेनात. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला की टेपचा तुटवडा असताना त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. पुसणारे काही खलनायक नव्हते. त्यांना टेप हव्या होत्या, कपाटात टेप होत्या, त्यांनी आपलं काम केलं. तुमच्या हॉस्टेलमधला एक्स्पर्ट करतो तेच. आज आपण ती दृश्यं पाहू शकतो, कारण टीव्हीवर प्रसारित झालेल्या चित्राच्या कॉपी इतर ठिकाणी शिल्लक होत्या.

दुसरी गोष्ट पिक्सारची. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ वर काम चालू असताना कुणीतरी सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली आणि सिनेमाचा बहुतेक सगळा डेटा डोळ्यांदेखत गायब झाला. घाबरून बॅकअप काढायला गेले, तर बॅकअप नीट चालतच नव्हता आणि ते कुणाला माहीत नव्हतं. सिनेमा वाचवला तो गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टरच्या घरच्या कॉम्प्युटरने. बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे एक कॉपी होती. तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळावा तसा ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून स्टुडिओत नेला.

आणि जिथे दुसरी कॉपी उरलीच नाही, त्याचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रिंट उपलब्ध नाही. फोटो आहेत, जाहिराती आहेत, आठवणी आहेत. सिनेमा नाही.

या तिन्ही गोष्टींत एक फरक सोडला तर बाकी सगळं सारखं आहे. दुसरी कॉपी दुसऱ्या कुणाकडे तरी होती की नव्हती, एवढाच तो फरक.

क्लाउड आहे, पण कुणाचा?

‘हे सगळं जुनं झालं, माझं सगळं क्लाउडवर आहे,’ असं तुम्ही म्हणाल. चांगलंय. पण तीन गोष्टी तपासा.

एक, जागा. गुगलचं फ्री अकाउंट १५ जीबी देतं, आणि त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही येतात. वनड्राइव्ह फ्री मध्ये ५ जीबी. जागा भरली की नवीन फाइल्स वर जाणं थांबतं. कोपऱ्यात एक छोटी सूचना येते, जी आपण रोज बंद करतो. मग आपल्याला वाटत असतं सगळं क्लाउडवर जातंय, आणि प्रत्यक्षात चार महिन्यांपासून काहीच गेलेलं नसतं.

दोन, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक हा आरसा आहे. लॅपटॉपवर फाइल डिलीट केली की क्लाउडवरही ती डिलीट होते. काही दिवस ट्रॅशमध्ये सापडते, नंतर तीही नाही.

तीन, अकाउंट कुणाचं? कॉलेजने दिलेल्या मेल आयडीवर भरपूर जागा मिळते म्हणून आपण तीन वर्षं तिथे सगळं टाकतो. डिग्री मिळाली की ते अकाउंट किती दिवस चालू राहणार, हे तुम्ही कधी विचारलंय का? आणि घरच्यांच्या फाइल्स तुमच्या कॉलेजच्या अकाउंटवर असतील तर त्या तुमच्याबरोबर बाहेर पडतील का? आपल्या स्वतःच्या अकाउंटचीही खात्री नसते. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गुगल अकाउंट डिलीट केलं जाऊ शकतं, असा गुगलचा नियम आहे. आजीच्या नावाने काढलेलं आणि नंतर कुणीच न उघडलेलं अकाउंट आठवतंय?

एक रविवार पुरे

मग करायचं काय? फोटोग्राफर मंडळींत रुळलेला एक नियम आहे, तीन-दोन-एक. प्रत्येक फाइलच्या तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. एक लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी मावशीकडे.

फॉरमॅटच्या आधी मात्र एवढं पाळाच. ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा. केबल मध्येच हलली तर मूळ फाइल जागेवर असायला हवी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइल्सची संख्या आणि साइज जुळवून बघा. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट ३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडकतो. डेस्कटॉपवरचे बाणाचं चिन्ह असलेले आयकॉन म्हणजे शॉर्टकट. ते कॉपी केले तर फक्त पत्ता जातो, माणूस मागेच राहतो.

मग डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी. ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड. स्टिकी नोट्स, ज्यांवर बाबा गॅसचा ग्राहक क्रमांक लिहून ठेवतात. आम्ही मास कॉमवाले प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल जपून ठेवतो आणि फुटेज विसरतो. त्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, व्हिडिओ कुठे आहे एवढंच असतं. आर्किटेक्चर आणि इंजिनीअरिंगवाल्यांनी ड्रॉइंगला जोडलेल्या बाकीच्या फाइल्स बघाव्यात. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपमधल्या नोटपॅडमध्ये नको.

आणि एक खास मराठी घरांसाठी. जुनं मराठी टायपिंग युनिकोडमध्ये असेलच असं नाही. काकांची वंशावळ, आजोबांचे लेख, शाळेचे अहवाल अनेकदा श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर नव्या विंडोजमध्ये ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. म्हणून फॉन्टचाही बॅकअप घ्या, आणि फॉरमॅटच्या आधी, फाइल नीट दिसते आहे तोवर, तिची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा बरोबर जातो. हे काम जुनं मशीन चालू आहे तोपर्यंतच सोपं आहे.

शेवटची पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून उघडून बघा. पिक्सारचा धडा हाच होता ना? फक्त उघडायला तुम्ही बसू नका, ज्याची फाइल त्याला बसवा. ताईचं फोल्डर ताईने उघडायचं, आईचा हिशोब आईने तपासायचा. कॉपी करायची परवानगी म्हणजे वाचायची परवानगी नव्हे. शिवाय काय राहिलं हे मालकालाच पटकन कळतं. आधार आणि बँकेचे कागद असलेलं फोल्डर पासवर्ड लावून ठेवा, विशेषतः डिस्क मित्राची असेल तर. लॅपटॉप दुकानात फॉरमॅटला देणार असाल तर हे सगळं दुकानात जाण्याआधी. काउंटरवरच्या दादाने ‘डेटा ठेवायचाय का?’ विचारलं की आपण म्हणतो ‘डी चा ठेवा’. पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणि फॉरमॅट? तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच रात्री नको.

पैसे आणि कॉलेज

एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा. एक्स्टर्नल हार्ड डिस्कला काही हजार रुपये लागतात आणि ते सगळ्यांकडे नसतात. मेसचे पैसे भरायचे की डिस्क घ्यायची, असा प्रश्न असेल तर उत्तर उघड आहे. पण सगळ्याचा बॅकअप लागतच नाही. सिनेमे, गेम, सॉफ्टवेअर परत मिळतं. जे परत मिळत नाही ते फार थोडं असतं. कागदपत्रं, स्वतःचं लिखाण, हिशोब, निवडक फोटो आणि आवाज. बऱ्याच घरांत ते एका साध्या पेन ड्राइव्हमध्ये बसतं. चार मित्र मिळून एक डिस्क घेऊ शकता, प्रत्येकाचं फोल्डर पासवर्ड लावून.

इथे कॉलेजलाही दोन शब्द ऐकवायला हवेत. सुट्टीत लॅबमधले पीसी फॉरमॅट होतात आणि जूनमध्ये मुलांना कळतं की अर्धा प्रोजेक्ट गेला. ‘लॅबच्या पीसीवर ठेवायचंच नसतं’ हे उत्तर बरोबर आहे, पण ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही त्याने ठेवायचं कुठे? फॉरमॅटच्या आठवडाभर आधी दारावर नोटीस लावायला खर्च येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला सर्व्हरवर थोडी जागा द्यायलाही फार येत नाही. पहिल्या वर्षी कॉम्प्युटरचा पेपर असतो, त्यात रॅम आणि रॉममधला फरक आपण पाठ करतो. त्यातलं एक प्रॅक्टिकल बॅकअप घेऊन तो उघडून दाखवण्याचं असायला हवं. मुलांची सबमिशनची कारणं पण निम्मी होतील!

सगळंच जपायचं का?

नाही. हेही सांगायला हवं. प्रत्येक स्क्रीनशॉट आणि प्रत्येक गुड मॉर्निंगचा फोटो जपून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे, ती अडगळ आहे. काही गोष्टी पुसून टाकाव्याशा वाटतात आणि त्या पुसण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. जुन्या नात्यातले फोटो, फसलेल्या परीक्षेचं वर्ष, कधीतरी लिहिलेल्या आणि आता वाचवत नसलेल्या कविता. नव्या कोऱ्या स्क्रीनचा आनंद खराच असतो.

फरक इतकाच की जे जातं ते ठरवून गेलं पाहिजे, आणि ज्याचं आहे त्याने ठरवलं पाहिजे. तुमच्या कविता तुम्ही पुसा. आजोबांचा आवाज असलेली क्लिप पुसायची की नाही, हे तुम्ही एकट्याने रात्री दीडला ठरवू नका. आपल्या घरांत पूर्वी जुने कागद, पत्रं, फोटो एका पत्र्याच्या पेटीत असायचे, आणि ती पेटी आवरायची तर घरातलं मोठं माणूस शेजारी बसायचं. ‘हे ठेव, हे टाक’ असं चालायचं. ती पेटी आता तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे आणि घरातल्या बहुतेकांना तिचं झाकण उघडता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून शेजारी त्यांना बसवून घेण्याचं कामही तुमचंच.

या सुट्टीत घरी गेलात की कुणीतरी म्हणेलच, ‘अरे, तो कॉम्प्युटर फार हळू चालतो, बघ ना जरा.’ पेन ड्राइव्ह खिशात राहू दे. खुर्ची ओढा, आईला बोलवा आणि विचारा, ‘गटाचा हिशोब कुठून उघडतेस, दाखव.’